चॅप्टरचा ठराव मंजूर झाला, तरी नवाहो भागातलं काम का अडतं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही फिनिक्समधल्या एका स्वयंसेवी संस्थेत प्रकल्पाचं काम बघता. अमेरिकेतल्या नवाहो या मूळनिवासी लोकांचा स्वशासित मुलूख म्हणजे नवाहो नेशन. त्याच्या पश्चिम भागातल्या एका चॅप्टरमध्ये, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या स्थानिक घटकात, नळ नसलेल्या घरांच्या अंगणात जमिनीखाली टाक्या पुरून सौर पंप बसवायचे आहेत आणि रस्त्यालगत पाणी भरायचं एक केंद्र उभं करायचं आहे. विंडो रॉकहून, म्हणजे नवाहो नेशनच्या राजधानीतून, पाठिंब्याचं पत्र आलं. चॅप्टरचे अध्यक्ष अनुकूल आहेत. ठराव 26 विरुद्ध 0 असा मंजूर झाला, 9 जण तटस्थ राहिले. तरीही यादीतली निम्मी कुटुंबं फोन उचलत नाहीत आणि केंद्राच्या जागेला एका आजींनी हरकत घेतली आहे. शेवटी तुम्ही विचारलंय: "इथे खरा नेता कोण? कोणाला पटवलं की काम सुटेल?"

मी बरीच वर्षं ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या नवाहो भागात ग्रामीण पाणीपुरवठ्याचं काम करतो. मी तिथला नाही, बाहेरून आलेला आहे. त्यामुळे पुढे लिहिलंय ते शेजारी उभं राहून काम करताना जे दिसलं, पटलं, ते. तुमच्या चॅप्टरमधला माणूस याहून वेगळं सांगत असेल तर त्याचं ऐका. चॅप्टर 110 आहेत आणि दोन शेजारच्या चॅप्टरांचीही रीत एकसारखी नसते.

अडचण नेता सापडत नाही ही नाहीच. तुम्हाला एक होकार हवा आहे आणि तिथे तो चार ठिकाणी वाटलेला आहे. विंडो रॉकचं पत्र सांगतं की नवाहो नेशनच्या सरकारची या कामाला आडकाठी नाही. चॅप्टरचा ठराव सांगतो की त्या दिवशी बैठकीला हजर असलेल्यांना हे काम हवंसं वाटलं. जमिनीचा होकार चराईचा परवाना ज्यांच्याकडे आहे त्यांचा. घराचा होकार त्या घराचा, म्हणजे बहुतेक वेळा घरातल्या सर्वांत वयस्कर बाईचा. तुमच्याकडे पहिले दोन आहेत. उरलेले दोन वरून खाली येत नाहीत. अध्यक्षांनी कितीही मनावर घेतलं तरी ते देणं त्यांच्या हातात नाही, आणि त्यांच्यावर दबाव आणलात तर गावात त्यांचंच वजन कमी होईल.

हे असं का, त्यासाठी थोडा इतिहास सांगतो, कारण तुमच्या बैठकीत बसलेल्या प्रत्येक वयस्कर माणसाला तो माहीत असतो. जुन्या काळी नवाहोंचा सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक राजा नव्हता. त्या त्या खोऱ्यातला पुढारी असे. बोलण्यात, विधींच्या ज्ञानात, भांडणं मिटवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नसे, म्हणून लोक त्याचं ऐकत. ऐकणं थांबलं की पुढारीपण संपलं. अमेरिकी लष्कराला हे सोयीचं नव्हतं. 1864 साली हजारो लोकांना चालवत बॉस्के रेडोंडोच्या छावणीत नेलं. 1868 चा करार झाला तेव्हा बार्बोन्सिटो लोकांच्या वतीने बोलला आणि लोक आपल्या मुलखात परतले. पण एकाने सही करावी आणि ती सगळ्यांना लागू व्हावी, ही अपेक्षा बाहेरच्यांनी सोडली नाही. 1920 च्या सुमारास शिपरॉककडे तेल सापडायची चिन्हं दिसली. कंपन्यांना भाडेपट्ट्यावर अधिकृत सही हवी होती, आणि त्या गरजेतूनच 1922-23 मध्ये आधी बिझनेस काउन्सिल आणि मग ट्रायबल काउन्सिल उभी राहिली. हेन्री ची डॉज पहिले अध्यक्ष झाले. पुढे काउन्सिल लोकांनी आपलीशी केली, आज ती खरोखर त्यांची संस्था आहे. पण तिचा जन्म कशासाठी झाला हे कोणी विसरलेलं नाही.

मग 1930 च्या दशकात मेंढ्या-बकऱ्या कमी करण्याची मोहीम आली. जमिनीची धूप होतेय असं सांगून मूळनिवासींच्या कारभाराचा केंद्रीय आयुक्त जॉन कॉलियर याच्या कार्यालयाने काउन्सिलकडून मान्यता घेतली. कळपांची मालकी बव्हंशी बायकांची होती आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. जनावरं मारून तिथेच टाकून दिली गेली. ही गोष्ट आजही घराघरात आजीच्या तोंडून ऐकायला मिळते. चराई परवान्यांची पद्धतही त्याच काळातली. आता तुम्ही कागदपत्रं घेऊन येता आणि म्हणता, "काउन्सिलचं पत्र आहे, ठराव आहे, आता खोदायला सुरुवात करू." ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय येत असेल, याचा विचार करा. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण हेतू तिथे दिसत नाही, रीत दिसते.

तुमचा भाग ट्यूबा सिटी किंवा कॅमेरॉनच्या बाजूचा असेल तर आणखी एक पदर आहे. 1966 साली रॉबर्ट बेनेट नावाच्या केंद्रीय आयुक्ताने नवाहो आणि शेजारच्या होपी जमातीतल्या जमीनवादामुळे तिथल्या सुमारे 15 लाख एकरांवर बांधकामबंदी घातली. तिला बेनेट फ्रीझ म्हणतात. नवं घर नाही, वीज नाही, नळ नाही, गळकं छप्पर दुरुस्त करायलाही परवानगी मिळेना. ती 2009 साली उठली. लहान मुलं त्या बंदीत आजी-आजोबा झाली. बंदी उठल्यावर कितीजण वह्या घेऊन आले, नावं लिहून गेले आणि परत दिसले नाहीत, हे लोकांना पाठ आहे. तुमच्या यादीतली कुटुंबं फोन उचलत नाहीत याचा अर्थ त्यांना पाणी नको असा घेऊ नका. तुम्ही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येता का, ते बघताहेत.

आता त्या ठरावाकडे येऊ. चॅप्टरची बैठक आपल्या ग्रामसभेच्या जवळची आहे. नोंदलेले मतदार जे हजर असतात तेच ठराव करतात, आणि गणसंख्या साधारण 25 ची असते. म्हणजे तटस्थ धरूनही 35 जणच मतदानात होते, कोरमपेक्षा फक्त दहा जास्त. त्यातल्या 9 जणांची तटस्थता मला 26 होकारांपेक्षा जास्त बोलकी वाटते. पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणणं तिथे उद्धटपणाचं समजतात. ज्याला काही खटकलंय, किंवा ज्याच्या नात्यातल्या माणसाला विचारलेलं नाही, तो पुष्कळदा तटस्थ राहतो. त्या नऊ जणांत आजींच्या कुळातलं कोणी होतं का, हे चॅप्टरच्या सेक्रेटरीला बहुधा ठाऊक असेल. "आमच्याकडून काय सांगायचं राहिलं?" एवढंच त्यांना विचारा. नावं मागू नका.

आणि एक गोष्ट तपासा. 1998 च्या लोकल गव्हर्नन्स ॲक्टखाली तुमचा चॅप्टर प्रमाणित आहे का? प्रमाणित असेल तर करार आणि जमीनवापराचे काही निर्णय तो स्वतः घेऊ शकतो. नसेल तर बहुतेक कागद विंडो रॉकला जातात आणि तिथून वेळेवर येतीलच असं नाही. काउन्सिलच्या डिलिगेटवर, म्हणजे तिथे निवडून गेलेल्या प्रतिनिधीवरही फार भिस्त ठेवू नका. 2009 च्या मतदानानंतर 88 जागांच्या 24 झाल्या, त्यामुळे एकेका डिलिगेटकडे कित्येक चॅप्टर असतात. तुमच्या बैठकीत अहवाल देऊन तो दुसऱ्या बैठकीला निघालेला असतो.

आजींबद्दल मात्र सावकाश लिहितो, कारण मला वाटतं तुमचं काम तिथेच सुटेल किंवा तिथेच मोडेल.

राखीव क्षेत्रातली बहुतेक जमीन अमेरिकी सरकारच्या नावावर, नवाहोंसाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे. तिथे सातबारा नाही, पण वापराचा हक्क आहे आणि तो चराई परवान्यातून येतो. परवाना आईकडून मुलीकडे, कधी सगळ्या भावंडांकडे मिळून येतो, कधी वारस ठरलेलेच नसतात. घराची जागा वेगळी. घरासाठी एक एकरापर्यंतचा होमसाइट भाडेपट्टा असतो. म्हणून तुमच्या प्रकल्पात मुळात दोन वेगवेगळी कामं आहेत. अंगणातल्या टाक्या भाडेपट्ट्याच्या आत बसतात, तिथे त्या कुटुंबाचा होकार आणि नेहमीच्या तपासण्या, म्हणजे पुरातत्त्व, वनस्पती-प्राणी वगैरे, एवढ्यावर काम पुढे जाऊ शकतं. रस्त्यालगतचं केंद्र सामायिक चराईच्या जमिनीवर येतं, आणि तिथे परवानाधारकांची लेखी संमती लागते. तुम्ही दोन्ही एकाच ठरावात बांधलीत, म्हणून केंद्र अडलं की टाक्याही अडल्या. पुढच्या नियोजन बैठकीत ती वेगळी करायला सांगा. नियोजन बैठकीत कार्यक्रमपत्रिका ठरते, तिथे विषय गेला नाही तर मुख्य बैठकीत तो घेत नाहीत, हे लक्षात असू द्या.

आजींकडे जायचं ते चॅप्टरच्या चराई अधिकाऱ्याला आधी विचारून. हा निवडून आलेला माणूस असतो, कोणाचा परवाना कुठवर आणि कोणाचं कोणाशी पटत नाही हे त्याला माहीत असतं, आणि बाहेरचे लोक नेमके त्यालाच विचारत नाहीत. शक्यतो आजींच्या नात्यातलं कोणी किंवा त्या भागातली सीएचआर (कम्युनिटी हेल्थ रिप्रेझेंटेटिव्ह) बरोबर असू द्या. 1968 पासून नवाहो नेशनच्या या आरोग्य कार्यकर्त्या घरोघर जातात. कोणत्या घरी कोण आजारी, कोणाची सून सध्या कुठे नोकरीला, हे त्यांना कळतं. घरापुढे गाडी उभी करून थोडं थांबा, कोणी बाहेर आल्यावर उतरा. ओळख करून देताना संस्थेचं नाव नंतर सांगा. तिथे माणूस आपली चार कुळं सांगून ओळख देतो: आईचं, वडिलांचं, आईच्या वडिलांचं, वडिलांच्या वडिलांचं. त्यावरून समोरच्याशी काय नातं लागतं ते ठरतं. तुम्हाला ती कुळं नाहीत, उसनी घेऊ नका. गाव कुठलं, आई-वडील कुठले, घरी कोण कोण आहे, हे सांगा. मराठी माणसाला यात काही अवघड नाही.

पहिल्या भेटीत कागद नेऊ नका. जागेबद्दल विचारा: इथे कोण राहत होतं, मेंढ्या कुठून कुठे जात, पाऊस पडल्यावर पाणी कुठून वाहतं. हरकतीचं कारण पुष्कळदा इथेच निघतं. जुनं झोपडं, विधी झालेली जागा, कोणाला पुरलेली जागा, कोकरांच्या दिवसांतली वाट. काही कारणं तुम्हाला कधीच सांगितली जाणार नाहीत आणि ती विचारायचीही नाहीत. "ही जागा नको" एवढं पुरेसं आहे. त्यांनाच विचारा, मग कुठली चालेल. केंद्र अर्ध्या मैलावर सरकवण्याचा खर्च तुम्हाला आज मोठा वाटेल. आजींच्या मनाविरुद्ध उभं केलेलं केंद्र कोणी वापरणार नाही, तेव्हा सगळाच खर्च वाया जाईल.

लोकांना खरं काय विचारायचं असतं, तेही सांगतो. पहिला प्रश्न पाणी कुठल्या विहिरीचं आणि त्यात युरेनियम, आर्सेनिक तपासलंय का, हा असतो. 1944 ते 1986 या काळात नवाहो जमिनीतून सुमारे 3 कोटी टन युरेनियम खनिज काढलं गेलं, 500 हून अधिक खाणी तशाच सोडून दिल्या. भाडेपट्टे कायदेशीर होते, सह्या होत्या, पण खाणीत उतरणाऱ्यांना धोका कोणी सांगितला नाही. 16 जुलै 1979 ला चर्च रॉकच्या युरेनियम कारखान्याचा सांडपाण्याचा बांध फुटून किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेलं. 2005 मध्ये नवाहो नेशनने आपल्या हद्दीत युरेनियम खाणकामावर बंदीचा कायदा केला, आणि त्यामागे न्यू मेक्सिकोकडच्या चॅप्टरांतून वर्षानुवर्षं बोलत राहिलेली माणसं होती. म्हणून तपासणीचे आकडे बैठकीत स्वतःहून ठेवा, विहिरीच्या नावासकट. ते नवाहो भाषेत समजावणारा दुभाषा आधीच ठरवा, त्याला मोबदला द्या, आकड्यांचा कागद त्याला दोन दिवस आधी द्या. बैठकीला तुमच्या अंदाजाच्या दुप्पट वेळ धरा. वडीलधारं माणूस बोलत असताना मध्ये बोलू नका, ते थांबल्यावरही लगेच उत्तर देऊ नका.

बोलताना भीती घालू नका. "हे पाणी प्यालात तर तुमच्या मुलांना कर्करोग होईल" असं वाक्य तिथे उच्चारू नये. वाईट गोष्ट थेट माणसाला उद्देशून बोलली की ती ओढवते, अशी धारणा अनेक घरांत आहे. पाण्यात काय आहे, ते किती असलं तर चालतं, स्वच्छ पाण्याने काय चांगलं होतं, या वाटेने जा.

आणि आकडे दिल्यावरही नाही म्हणायचा त्यांचा हक्क धरून चला. ऑगस्ट 2015 मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याच्या पथकाच्या हातून कोलोरॅडोतल्या गोल्ड किंग खाणीचं पिवळं पाणी सुटलं आणि सॅन वान नदीत आलं. नदीचं पाणी पुन्हा वापरायला हरकत नाही असं केंद्र सरकारचे अधिकारी सांगू लागले, तरी शिपरॉक चॅप्टरने कालवा बंदच ठेवायचं मतदान केलं. उभा मका सुकत होता, नुकसान त्यांचंच होतं. ज्यांच्या चुकीमुळे नदी बिघडली त्यांच्याच शब्दावर शेतात पाणी सोडायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. मला तो निर्णय तेव्हाही समजण्यासारखा वाटला आणि आजही वाटतो.

तुम्ही नेतृत्वाबद्दल विचारलंय म्हणून ॲनी डॉज वॉनिका यांचं नाव घेतो. हेन्री ची डॉज यांची ही मुलगी 1951 मध्ये काउन्सिलवर निवडून आली आणि क्षयरोगाचं काम त्यांच्याकडे आलं. लोक रुग्णालयातून निघून जात होते. वॉनिकाबाईंनी भाषणांपासून सुरुवात केली नाही. आधी डॉक्टरांकडे बसून स्वतः रोग समजून घेतला, एक्स-रे म्हणजे काय हे शिकल्या. मग मैलोनमैल कच्च्या रस्त्यांनी होगनमध्ये, म्हणजे नवाहोंच्या पारंपरिक घरांत, जाऊन बसल्या, पारंपरिक वैद्यांशी बोलल्या, डॉक्टरांनाही वैद्यांशी आदराने बोलायला लावलं, रेडिओवरून नवाहो भाषेत आरोग्याचे कार्यक्रम केले. 1963 मध्ये त्यांना अमेरिकेचं प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. तुमच्या चॅप्टरमध्ये अशी बाई असणारच. तिच्याकडे पद असेलच असं नाही. ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या स्वयंपाकघरात, शाळेच्या बसवर, सीएचआरच्या गाडीत शोधा. तिला "सामुदायिक दूत" वगैरे बिरुद देऊ नका. काम करवून घेणार असाल तर पगार द्या. नवाहो माणसांना नोकरीत प्राधान्य देणारा 1985 चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. पंप बिघडल्यावर पाच वर्षांनी कोण येणार, हा लोकांचा दुसरा मोठा प्रश्न असतो आणि त्याचं एकच पटणारं उत्तर आहे: हा शेजारचा मुलगा येणार, त्याला आम्ही शिकवलंय, सुटे भाग चॅप्टर हाऊसमध्ये आहेत.

तुमच्या पत्रात ओझरता उल्लेख आहे की टाक्या बसवण्याआधी आणि नंतर घरोघर आरोग्याची प्रश्नावली भरून घेणार आहात. ते आजच थांबवा. माणसांबद्दलचं संशोधन करायचं असेल तर 1996 पासून नवाहो नेशनचं स्वतःचं मानवी संशोधन परीक्षण मंडळ आहे, त्याची मान्यता लागते, चॅप्टरचा पाठिंबा दाखवावा लागतो, आणि गोळा झालेल्या माहितीवर मालकी नवाहो नेशनची राहते. देणगीदारासाठी अहवाल हवा असेल तर किती टाक्या, किती लिटर, किती दुरुस्त्या, एवढं मोजा. फोटोही विचारल्याशिवाय नको, मुलांचे तर नकोच.

वेळेचा अंदाज चुकू नये म्हणून दोन गोष्टी. चॅप्टरच्या निवडणुका 2024 मध्ये झाल्या, त्या पुन्हा 2028 ला. नवाहो नेशनचे अध्यक्ष आणि काउन्सिल यांच्या निवडणुका 2022, 2026 अशा येतात. म्हणजे दर दोन वर्षांनी तुम्हाला होकार देणाऱ्यांतलं कोणीतरी बदलू शकतं, आणि व्यक्तीवर उभा केलेला होकार व्यक्तीबरोबर जातो. बैठकीचं इतिवृत्त, ठरावाची प्रत, संमतीपत्रं यांची एक फाईल चॅप्टर हाऊसमध्येच ठेवा. शिवाय कोकरांचा हंगाम, लोकर कातरणं, पावसानंतर चिखलाने बंद झालेले रस्ते, गावातला मृत्यू, यांतल्या कशानेही बैठक पुढे जाईल. कोणी वारलं तर त्या आठवड्यात फोनही करू नका. बैठकीची सूचना केटीएनएन रेडिओवर, 660 एएमवर, द्या आणि पेट्रोल पंप, पोस्ट, लाँड्री इथे कागद लावा. ईमेलने तिथे कोणी येत नाही.

आता लगेच करायचं ते सांगतो. पुढच्या चॅप्टर बैठकीआधी देणगीदाराला मुदतवाढीसाठी लिहा. कारण साधं लिहा: जमिनीची संमती बाकी आहे आणि ती घाईने घेणार नाही. निदान एक वर्ष मागा. ते मिळेपर्यंत बैठकीत खोदाईची कुठलीही तारीख बोलू नका. मुदतवाढ नाकारली गेली तर केंद्र या प्रकल्पातून काढून टाका आणि ज्या कुटुंबांनी स्वतःहून होकार दिलाय त्यांच्या अंगणातल्या टाक्या तेवढ्या नीट बसवून द्या. चॅप्टरलाही हे स्वतः जाऊन, कारणासकट सांगा.